दहा हजारांत एक म्हणजे किती?

गेल्या महिन्यात पनवेल तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आले. पत्र थोडे रागाचेच होते. ते लिहितात, "आमच्या घरी आशाताई आणि त्यांच्याबरोबर एक गृहस्थ येऊन गेले. घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर चट्टा आहे का, असे विचारत होते. कुष्ठरोग तर २००५ सालीच देशातून गेला, असे आम्ही वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. गेलेला रोग शोधायला माणसे दारोदार पाठवायची, हा कुठला न्याय? आपण या सदरातून खुलासा करावा."

या वाचकांना मी दोष देणार नाही. कारण हेच वाक्य मी स्वतः अनेक वर्षे लोकांना सांगत होतो. मी नेरे परिसरात दवाखाना चालवतो. पनवेलकरांना नेरे म्हटले की कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आठवते. ज्या गावाचे नाव या रोगाच्या सेवेशी जोडले गेले आहे, तिथे राहणाऱ्या डॉक्टरला तरी याची बरोबर माहिती असायला हवी होती. पण दरवर्षी ३० जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला कुष्ठरोग निवारण दिन असतो, त्या दिवशी शाळेत भाषणाला गेलो की माझे पहिले वाक्य ठरलेले असे : "मुलांनो, २००५ साली आपल्या देशातून कुष्ठरोगाचे उच्चाटन झाले." मुले टाळ्या वाजवत. गुरुजीही वाजवत. मलाही बरे वाटे.

या वाक्याने एका माणसाचा हात अधू झाला. ती हकिगत आधी सांगतो.

मलम दिले आणि पाठवून दिले

२००९ सालचा पावसाळा होता. माथेरानच्या डोंगराकडच्या एका वाडीतला तरुण दवाखान्यात आला. लावणीचे दिवस, त्यामुळे तो घाईत होता आणि बाहेर तापाच्या रोग्यांची रांग लागली होती, त्यामुळे मीही घाईत होतो. त्याच्या कोपराच्या खाली हातभर अंतरावरून दिसेल असा एक फिकट चट्टा होता. खाज नाही, आग नाही. मी म्हटले, "नायटा दिसतो. हे मलम लाव पंधरा दिवस." तो गेला.

आठ-नऊ महिन्यांनी तो पुन्हा आला. या वेळी चट्ट्याबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, "डाक्टर, विडीचा चटका बसला बोटाला, पण समजलाच नाय. वास आला तवा पाहिलं." मी हात समोर धरायला सांगितला. करंगळी आणि शेजारचे बोट आत वळलेले होते. ती सरळ होईनात. कोपराच्या आतल्या बाजूला जी नस असते, ती बोटाने चाचपली तर दोरीसारखी जाड लागली.

त्याला नायटा कधीच नव्हता. तो कुष्ठरोगाचा चट्टा होता. पहिल्याच दिवशी त्याचे डोळे मिटवून चट्ट्यावर कापसाची वात टेकवली असती आणि "कुठे टेकवले ते बोट लावून दाखव" म्हटले असते, तर अर्ध्या मिनिटात कळले असते. ही तपासणी मला येत नव्हती असे नाही. कॉलेजात शिकलो होतो. पण मनात पक्के बसले होते की हा रोग आता राहिलेला नाही. आणि जो रोग नाही, तो कोण कशाला तपासेल?

त्या रात्री मी जुनी कागदपत्रे काढून बसलो. २००५ साली नेमके काय झाले होते, ते मला पहिल्यांदाच नीट वाचायचे होते.

देवी गेली तसा हा रोग गेला नाही

आपल्याकडे रोग 'गेला' या शब्दाला एक जुना अर्थ आहे. देवीचा रोग गेला. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. पोलिओचा भारतातला शेवटचा रोगी जानेवारी २०११ मधला. मार्च २०१४ मध्ये देशाला तसे प्रमाणपत्र मिळाले. या दोन्ही ठिकाणी 'गेला' म्हणजे रोगी शून्य.

कुष्ठरोगाचे तसे नव्हते. १९९१ साली जागतिक आरोग्य सभेने ठराव केला की, २००० सालापर्यंत कुष्ठरोग हा 'सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून' दूर करायचा. त्याची व्याख्या अशी ठरली : दर दहा हजार लोकसंख्येमागे उपचार घेत असलेला रोगी एकापेक्षा कमी असला, की प्रश्न दूर झाला असे समजायचे. भारताने ही रेषा डिसेंबर २००५ मध्ये ओलांडली. झाले ते एवढेच. पण वर्तमानपत्रात, भाषणात आणि भिंतीवर येईपर्यंत 'सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून' हे शब्द गळून गेले आणि उरले फक्त 'उच्चाटन झाले'.

आता शाळेतल्या मुलाला जमेल असे गणित करू. २००५ साली देशाची लोकसंख्या सुमारे ११० कोटी होती. तिला दहा हजारांनी भागा. उत्तर येते १ लाख १० हजार. म्हणजे देशात उपचार घेणारे जवळजवळ १ लाख १० हजार रोगी असतानाही 'उच्चाटन झाले' असे म्हणता येत होते. मी ज्या वाक्यावर टाळ्या घेत होतो, त्या वाक्याच्या पोटात एवढी माणसे होती.

यादीतली नावे आणि गावातली माणसे

इथे आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ती समजली की आरोग्याचे निम्मे आकडे समजतात.

२००५-०६ या वर्षात देशात सापडलेले नवे रोगी होते १ लाख ६० हजारांच्या आसपास. मग उपचाराच्या यादीत त्यापेक्षा कमी नावे कशी? याचे उत्तर उपचाराच्या मुदतीत आहे.

समजा, एका तालुक्यात दरवर्षी १०० नवे रोगी सापडतात. उपचार दोन वर्षांचा असेल तर कोणत्याही दिवशी यादीत सुमारे २०० नावे असतील. उपचार एक वर्षाचा केला तर यादी १०० वर येईल. सहा महिन्यांचा केला तर ५० वर. रोगी तेवढेच सापडत आहेत, रोग तेवढाच पसरत आहे, पण यादी मात्र चौथाईवर आली.

कुष्ठरोगात नेमके हे घडले. पूर्वी एकटे डॅप्सोन वर्षानुवर्षे, काहींना जन्मभर घ्यावे लागे. १९८१-८२ च्या सुमारास रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची बहुविध औषधपद्धती आली. जास्त जंतू असणाऱ्या रोग्याला ती आधी किमान दोन वर्षे देत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती मुदत एक वर्षावर आली. कमी जंतूंच्या रोग्याला तर सहा महिन्यांतच मोकळीक मिळते. वैद्यकीयदृष्ट्या हे योग्यच होते, कारण औषधे गुणकारी आहेत आणि बऱ्या झालेल्या माणसाचे नाव यादीत ठेवण्यात अर्थ नाही. परंतु यादी लहान झाली म्हणजे त्याच प्रमाणात रोग कमी झाला, असे कोणी सांगू लागला तर त्याला थांबवायला हवे.

यात लबाडी कोणाची नव्हती. घट खोटीही नव्हती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात दहा हजारांमागे पन्नासहून अधिक रोगी होते. लाखो लोक या औषधांनी खरोखर बरे झाले. माझी तक्रार आकड्यावर नाही. तो कशाचा आकडा आहे हे न विचारता मी तो सांगत सुटलो, ही तक्रार माझी माझ्यावरच आहे.

शोधायचे थांबले की रोगी कमी दिसतात

कोणी म्हणेल, यादी सोडा, नवे रोगी तर कमी झाले ना? झाले. २००२ साली देशात सुमारे पावणेपाच लाख नवे रोगी नोंदले गेले होते आणि तीनच वर्षांत तो आकडा एक लाख साठ हजारांच्या घरात आला. हे वाचल्यावर मला आनंदापेक्षा शंका आली, आणि त्या शंकेचे कारण या रोगाच्या स्वभावात आहे.

कुष्ठरोगाचा जंतू फार सावकाश वाढतो. अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे आणि कधी कधी वीस वर्षेसुद्धा लागतात. म्हणजे २००५ साली ज्यांना चट्टे येणार होते, त्यातल्या बहुतेकांच्या अंगात जंतू २००० सालाच्या आधीच शिरलेला होता. अशा मंद चालीच्या रोगाचे नवे रोगी तीन वर्षांत एकतृतीयांशावर यावेत, हे रोगाच्या स्वभावाशी जुळत नाही. त्याच काळात घरोघर जाऊन तपासणी करणे मागे पडले होते आणि कुष्ठरोगाची वेगळी यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली गेली होती. रोगी आपण होऊन आला तर नोंद व्हायची. ज्या चट्ट्याला खाज नाही आणि दुखणे नाही, तो दाखवायला लावणी सोडून कोण येणार?

पुढची दहा वर्षे नवे रोगी दरसाल सव्वा लाखाच्या आगेमागेच राहिले. २०१६ साली जास्त प्रमाण असलेल्या जिल्ह्यांत पुन्हा घरोघर शोधमोहीम झाली, तेव्हा त्या एका मोहिमेतच तीस हजारांहून अधिक रोगी सापडले. ही माणसे मोहिमेमुळे आजारी पडली नव्हती. ती आधीपासून घरात होतीच. दाराशी जाऊन विचारले कोणी नव्हते.

याचा आणखी ढळढळीत नमुना करोनाच्या वर्षात दिसला. २०१९ साली देशात सुमारे १ लाख १४ हजार नवे रोगी नोंदले गेले होते. २०२० साली ते सुमारे ६५ हजार झाले. कागदावर पाहणाऱ्याला वाटेल, वा, एका वर्षात रोग जवळजवळ निम्म्यावर आला. टाळेबंदीत ना कार्यकर्ते वाड्यांवर गेले, ना रोगी दवाखान्यात आले. २०२३ साली आकडा पुन्हा १ लाख ७ हजारांच्या वर गेला. त्या वर्षी जगात नोंदलेल्या नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या आपल्या देशातले होते.

आणि देशाची सरासरी हीसुद्धा फसवी गोष्ट आहे. दहा गावांपैकी नऊ गावांत एकही रोगी नसेल आणि दहाव्यात दहा असतील, तर सरासरी गावामागे एक. पण त्या दहाव्या गावच्या माणसाला सरासरीचा काय उपयोग? आपल्या राज्यातही चंद्रपूर-गडचिरोलीकडचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून वेगळे आहे, आणि एकाच तालुक्यात बाजारपेठेचे गाव आणि डोंगरातली वाडी यांतही फरक पडतो.

मग काय विचारावे?

तेव्हापासून मला एक सवय लागली आहे. आरोग्याचा कोणताही आकडा ऐकला की मी तीन गोष्टी विचारतो. हा कशाचा आकडा आहे, एकूण रोग्यांचा की नव्या रोग्यांचा? हे रोगी कोणी शोधले, की आपण होऊन आले तेवढेच मोजले? आणि मोजण्याची व्याख्या किंवा पद्धत मध्येच बदलली आहे का?

कुष्ठरोगाच्या बाबतीत मी आणखी दोन आकडे पाहतो. नव्या रोग्यांत मुले किती, आणि पहिल्यांदा सापडले तेव्हाच हातापायाला किंवा डोळ्यांना व्यंग आलेले किती. मुलांना रोग होत असेल तर तो अलीकडेच कोणाकडून तरी लागला आहे, म्हणजे प्रसार चालू आहे. आणि व्यंग घेऊन येणारे जास्त असतील तर आपण उशिरा शोधत आहोत. शोध थांबवून एकूण आकडा खाली आणता येतो, पण वाकडे झालेले बोट लपवता येत नाही.

ही सवय इतर ठिकाणीही उपयोगी पडते. 'दिवसाला आठ ग्लास पाणी प्यायलाच हवे' हे वाक्य घ्या. याचे मूळ बहुधा १९४५ सालच्या अमेरिकेतील एका सरकारी शिफारशीत आहे. तिच्यात प्रौढ माणसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते असे म्हटले होते, आणि लगेच पुढे असेही म्हटले होते की, यातील बराचसा भाग अन्नातूनच मिळतो. पुढचे वाक्य लोक विसरले. आपल्या वरणभातात, भाजीत, ताकात पाणी नसते का? उलट वैशाखात वीटभट्टीवर राबणाऱ्याला आठ ग्लास पुरणार नाहीत, आणि मूत्रपिंडाच्या काही रोग्यांना तेवढे पाणी अपायकारक ठरेल.

मात्र शंका घेण्यातही सावध राहावे लागते, हे मला पालकाने शिकवले. पालकात लोह फार असते या समजुतीवर मी मोठ्या ऐटीत सांगत असे की, एका जर्मन शास्त्रज्ञाने दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिल्यामुळे हा गैरसमज पसरला. पुढे वाचनात आले की, २०१० साली इंग्लंडमधील एका अभ्यासकाने या दशांशचिन्हाच्या गोष्टीचा माग काढला, तर तिलाच काही आधार सापडला नाही. म्हणजे गैरसमज दूर करणारी गोष्टही ऐकीवच! खरे एवढेच की, शंभर ग्रॅम ताज्या पालकात सुमारे तीन मिलिग्रॅम लोह असते आणि त्यातले थोडेच अंगी लागते. लिंबू पिळून खाल्ल्यास थोडे अधिक लागते.

तसाच कुष्ठरोगाचा एक आकडा पत्रकांवर असतो. बहुतेक माणसांत या रोगाविरुद्ध निसर्गतःच प्रतिकारशक्ती असते, हे खरे आहे. पण ही माणसे शंभरात किती, हे कुठे ९५ छापलेले असते, कुठे ९८, कुठे ९९. म्हणून मी आता टक्के सांगत नाही. 'बहुतेकांना हा रोग होत नाही' एवढेच सांगतो. ऐकणाऱ्याचे त्यात काही नुकसान होत नाही.

आपण काय करावे?

शंका घ्यावी याचा अर्थ सगळेच खोटे मानावे, असा मुळीच नाही. आकडे सगळे खोटेच असतात म्हणणारा माणूस औषधही घेत नाही आणि लसही टोचून घेत नाही. मी सांगतो त्यातल्या पुढील गोष्टी मात्र निःशंकपणे लक्षात ठेवाव्यात.

कुष्ठरोग आनुवंशिक नाही. तो जंतूपासून होतो. हा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. उपचार न घेतलेल्या रोग्याच्या दीर्घकाळच्या निकट सहवासात, नाकातोंडातून उडणाऱ्या तुषारांमुळे तो पसरतो. उपचार सुरू झाल्यावर रोगी लवकरच संसर्गजन्य राहत नाही. या रोगाने बोटे आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे चटके आणि जखमा कळत नाहीत, त्या चिघळतात आणि मग बोटांची झीज होते. म्हणून लवकर सापडणे महत्त्वाचे.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्याला खाज नसेल, त्या जागी स्पर्श किंवा गरम-थंड कळत नसेल, घाम येत नसेल, हातापायाला मुंग्या येत असतील, हातातून भांडे निसटत असेल, चप्पल पायातून कळत न कळत सुटत असेल, तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन दाखवावे. औषधे मोफत मिळतात आणि सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पूर्ण होतो. घरच्या माणसांना तपासून प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनचा एक डोसही दिला जातो. नस सुजून बोटे अशक्त झाली असतील तर सहा महिन्यांच्या आत औषध सुरू झाल्यास हात पूर्ववत होण्याची शक्यता पुष्कळ असते.

लाजण्याचेही कारण उरलेले नाही. १८९८ सालचा कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्याचा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण धरले जाई, तेही २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकले गेले.

माझ्याकडे आलेल्या त्या तरुणाने बारा महिने औषधे घेतली. रोग पूर्ण बरा झाला. पण हाताला उशीर झाला होता. शेजारचे बोट बरेचसे सरळ झाले, करंगळी वाकडीच राहिली. मी त्याला माझी चूक सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मंग आता आमच्या वाडीला येऊन सगळ्यांचं बघा." मी गेलो. आणखी दोघे सापडले, त्यात एक शाळेत जाणारी मुलगी होती. तिच्या गालावरचा चट्टा लवकर सापडला, म्हणून ती आज अगदी ठणठणीत आहे.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांना माझे उत्तर हे आहे. आशाताई पुन्हा आल्या तर त्यांना बसायला सांगा, पाणी द्या आणि घरातल्या सगळ्यांना, म्हाताऱ्यांना आणि कामावरच्या गड्यालासुद्धा, तपासून घ्या. तुमच्या घरात कोणी निघणार नाही, अशीच शक्यता जास्त आहे. पण ते विचारल्यावरच कळेल.